कम्युनियन आदराने घ्यायचे म्हणजे कसे?




सातारा-सांगलीत आदिवासी आणि स्थलांतरित कुटुंबांमध्ये काम करताना एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. कॅथॉलिक लोक पवित्र कम्युनियन हातावर घेतात की जिभेवर? उभे राहून की गुडघे टेकून? आणि यातली जास्त आदराची पद्धत कोणती? विचारणारे कधी आमच्याच धर्मग्रामातले असतात, तर कधी सीएनआय मंडळीतले स्नेही. आपले हे पत्रक दोघेही वाचतात, म्हणून दोघांसाठी लिहिते. पण उत्तर देण्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगायला हवी, कारण या विषयाकडे नीट पाहायला मी तिच्यामुळेच शिकले.

कोप्यांवरची मिस्सा

गेल्या जानेवारीतली गोष्ट. वाळवा तालुक्यात ऊसतोड मजुरांच्या एका तळावर संध्याकाळची मिस्सा होती. या टोळीत नंदुरबारकडची काही भिल्ल कुटुंबे कॅथॉलिक आहेत. गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. त्यामुळे त्यांचा नाताळ दरवर्षी उसाच्या फडातच येतो. ईस्टर कधी गावी, तर कधी फडात. पहाटे अंधारात तोडणीला जायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची आणि परत येऊन चूल पेटवायची. अशा लोकांना रविवारी सकाळी तीस-चाळीस किलोमीटरवरच्या चर्चला यायला सांगण्यात अर्थ नसतो. म्हणून फादरच तिकडे जातात.

कोप्यांमधल्या मोकळ्या जागेत पाचट बाजूला सारून चटया अंथरल्या होत्या. एका पेटीवर स्वच्छ धोतर घालून वेदी केली होती. कम्युनियनची वेळ झाली तेव्हा रांग लावून द्यायला मी पुढे उभी राहिले. काळोख होता, लोक दमलेले होते, म्हणून सगळे लवकर आणि शिस्तीत व्हावे असे मला वाटत होते. "दोन्ही हात पुढे करा, आमेन म्हणा," असे मी प्रत्येकाला सांगत होते.

एक ताई पुढे आली. तिचे हात पदराखाली होते. तिने डोळे मिटून तोंड उघडले. मी पटकन म्हणाले, "ताई, तसे नाही, हात पुढे करा." तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिले, हात पदरात आणखी घट्ट धरले आणि रांगेतून बाहेर पडली. कम्युनियन न घेताच ती आपल्या कोपीपाशी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी मी तिला भेटायला गेले. तिने काही न बोलता हात उघडून दाखवले. उसाच्या पात्यांनी चिरलेले, कोयत्याच्या मुठीने घट्टे पडलेले, थंडीने भेगाळलेले, आणि भेगांमध्ये काळी चिकट रेघ बसलेली. ती म्हणाली, "आमच्या गावच्या मास्तरांनी शिकवलंय, एक कणसुद्धा खाली पडू द्यायचा नाही. या भेगांत कण राहिला तर? मग याच हातांनी मी कोयता धरणार."

मी थिऑलॉजीचा डिप्लोमा केला आहे. कम्युनियनच्या आदराविषयी परीक्षेत पानेच्या पाने लिहिली आहेत. पण त्या संध्याकाळी आदर कळला होता तो तिला, आणि मी तिला रांगेबाहेर काढले होते.

कॅथॉलिक श्रद्धा काय सांगते

आमच्या प्रॉटेस्टंट वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मिस्सेत धर्मगुरू भाकर आणि द्राक्षारस यांवर प्रभू येशूचे शेवटच्या भोजनातले शब्द उच्चारतात, तेव्हा ती भाकर आणि तो द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त होतात, असे आम्ही मानतो. रूप, चव, वास तेच राहतात, पण तिथे ख्रिस्त स्वतः असतो. म्हणून उरलेली पवित्र भाकर टाकली जात नाही, ती पवित्र पेटीत ठेवतात आणि तिच्याजवळ दिवा तेवत असतो. त्या ताईने कणाची एवढी काळजी केली ती याच श्रद्धेतून. लहानशा कणातही संपूर्ण ख्रिस्त आहे, असे आम्ही शिकतो.

याच कारणाने इतर मंडळीतल्या बंधुभगिनींना आमच्याकडे सर्वसाधारणपणे कम्युनियन दिले जात नाही. यात त्यांच्याविषयी अनादर नाही. एकत्र कम्युनियन घेणे ही श्रद्धा आणि मंडळी एक असल्याची खूण आहे, आणि ती एकता अजून पूर्ण झालेली नाही, याचे दुःख आम्हालाही आहे. अनेक ठिकाणी असे पाहुणे छातीवर हात जोडून पुढे येतात आणि धर्मगुरूंचा आशीर्वाद घेतात.

हात की जीभ: नियम काय आहे

पहिल्या काही शतकांत कम्युनियन हातावर दिले जाई. चौथ्या शतकात यरुशलेमचे बिशप संत सिरिल नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना शिकवत, की राजा येणार असल्यासारखा डाव्या हाताचा उजव्या हाताखाली आसनासारखा आधार द्यावा आणि एकही कण सांडू देऊ नये. पुढे पश्चिमेकडच्या चर्चमध्ये कण सांडण्याची भीती आणि संस्काराविषयीचा धाक वाढत गेला, आणि साधारण नवव्या शतकापर्यंत जिभेवर घेण्याची पद्धत रूढ झाली. आपल्या आजी-आजोबांना हीच एक पद्धत माहीत होती.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर काही देशांत पुन्हा हातावर देणे सुरू झाले. तेव्हा पोप सहावे पॉल यांनी जगभरच्या बिशपांचे मत मागवले. हातावर देण्याच्या बाजूने ५६७, विरोधात १२३३, आणि काही अटी घालून मान्य करणारे ३१५ अशी मते पडली. त्यानंतर २९ मे १९६९ रोजी रोमने निर्देश काढला. जिभेवर देण्याची पद्धत कायम ठेवली, पण जिथे हातावर घेणे रूढ झाले होते तिथल्या बिशप-परिषदेला दोन तृतीयांश मतांनी परवानगी मागता येईल, असे ठरवले. नवी पद्धत कोणावर लादू नये, हेही त्याच वेळी सांगितले.

२५ मार्च २००४ रोजी रोमने आणखी एक सूचनापत्र काढले. त्यातल्या गोष्टी प्रत्येक कॅथॉलिकाला माहीत असाव्यात:

* जिभेवर कम्युनियन घेण्याचा हक्क प्रत्येक श्रद्धावंताला सर्वत्र आहे.
* जिथे परवानगी आहे तिथे, मागणाऱ्याला हातावर द्यावे. पण त्याने ते धर्मगुरूंच्या किंवा सेवकाच्या समोरच ग्रहण करावे, हातात घेऊन जागेवर जाऊ नये.
* कोणी गुडघे टेकले किंवा कोणी उभे राहिले, एवढ्याच कारणाने कम्युनियन नाकारता येत नाही.
* पवित्र भाकर स्वतः उचलून घ्यायची नाही आणि एकमेकांच्या हाती द्यायचीही नाही.
* पवित्र भाकर द्राक्षारसात बुडवून दिली जात असेल तर ती जिभेवरच घ्यायची.
* कण पडू नये म्हणून हनुवटीखाली धरायची थाळी वापरात ठेवावी.

म्हणजे हातावर परवानगी असलेल्या ठिकाणी निवड घेणाऱ्याची आहे. ती धर्मगुरूंची नाही, आणि रांग लावणाऱ्या माझ्यासारख्या कार्यकर्तीची तर नाहीच. "हात पुढे करा" असे सांगण्याचा मला अधिकारच नव्हता.

उजवा हात वर की डावा?

आता एक अगदी आपल्याकडची अडचण. धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवले जाते, की डावा तळहात वर ठेवा, उजवा खाली, म्हणजे डाव्यावर पडलेली पवित्र भाकर उजव्या हाताने उचलून मुखात घेता येते. आपल्या लोकांना मात्र लहानपणापासून उलटी सवय असते. मान्य माणसाने काही दिले की आपण उजवा हात वर आणि त्याखाली डावा धरतो. डावा हात पुढे करणे आपल्याकडे उद्धटपणाचे मानतात. त्यामुळे वस्तीवरची माणसे उजवा हात वर करतात आणि कोणीतरी त्यांना "हात बदला" असे रांगेतच सांगते. माणूस गोंधळतो, आणि सगळे लक्ष प्रभूवरून उडून हातांवर जाते.

वर सांगितलेल्या संत सिरिलांची शिकवण आठवा. त्यांनीही डावा खाली आणि उजवा वरच सांगितला होता. मग उजवा हात वर आलाच, तर तळहात तसाच ओठांशी नेऊन ग्रहण करता येते. डावखुऱ्या माणसालाही तेच सोयीचे आहे. नंतर तळहाताकडे एकदा नजर टाकायची आणि कण दिसला तर तोही घ्यायचा, म्हणजे झाले.

दोन बाबतींत मात्र जुनी सवय बदलावी लागते आणि ती प्रेमाने समजावून द्यावी लागते. आपल्याकडे प्रसाद घरी नेतात, न आलेल्यांसाठी पदराच्या टोकाला बांधतात, मांडीवरच्या मुलाला त्यातला तुकडा भरवतात. कम्युनियनच्या बाबतीत तसे करायचे नसते. एका आईने आपल्या वाट्याची अर्धी भाकर लेकरासाठी मोडताना मी पाहिली आहे. तिच्या मनात अनादर नव्हता, आईची माया होती. मुलांनी समज आल्यावर, साधारण सातव्या वर्षापासून, तयारी करून कम्युनियन घ्यावे, असे पोप दहावे पायस यांनी १९१० साली ठरवून दिले. त्याआधी मुलाला आशीर्वादासाठी पुढे आणावे. आणि घरी कोणी आजारी असेल तर फादरांना कळवावे. धर्मगुरू किंवा नेमलेला सेवक लहान डबीतून कम्युनियन आजाऱ्याच्या अंथरुणापर्यंत घेऊन जातो.

नमस्कारही आपलाच

उभे राहून कम्युनियन घेताना आधी आदराची खूण करावी, असा नियम आहे. आपण हात जोडून वाकतो. हे कोणी आपल्या मनाने घुसडलेले नाही. २५ एप्रिल १९६९ रोजी, म्हणजे वर सांगितलेल्या निर्देशाच्या जेमतेम पाच आठवडे आधी, रोमने भारतातल्या उपासनेसाठी बारा गोष्टींना मान्यता दिली. जमिनीवर बसून मिस्सेत भाग घेणे, चपला काढणे, एक गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून खोल नमस्कार करणे, पंचांग प्रणाम, पवित्र वस्तूचे चुंबन घेण्याऐवजी तिला बोटांनी स्पर्श करून ती डोळ्यांना किंवा कपाळाला लावणे, हात जोडून शांतीचे अभिवादन, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, आरती. त्या यादीत हे सगळे आहे.

आमच्या वस्तीवरच्या लोकांना ही यादी शिकवावी लागत नाही. ते चपला आपोआप बाहेर काढतात. फादर आले की उठून उभे राहतात. शहरातल्या चर्चमध्ये आल्यावर मात्र बाकांच्या रांगेत पाय कुठे ठेवावे हे त्यांना कळत नाही, आणि ते दाराशी उभे राहतात.

आदराची सुरुवात रांगेच्या आधी होते

कम्युनियन कसे घेतले, याइतकेच कोणत्या तयारीने घेतले, हेही महत्त्वाचे. पूर्वी मध्यरात्रीपासून काही खायचे-प्यायचे नसे, पाणीसुद्धा नाही. १९५३ साली पोप बाराव्या पायस यांनी पाण्याची मोकळीक दिली, १९५७ साली उपास तीन तासांवर आणला. पोप सहावे पॉल यांनी २१ नोव्हेंबर १९६४ रोजी तो कम्युनियनआधी एक तास इतका केला, आणि तोच नियम आजही आहे. पाणी आणि औषध चालते. वृद्ध, आजारी आणि त्यांची सेवा करणारे यांना ही अटही नाही. पहाटे तीनला भाकरी खाऊन फडात गेलेल्या बाईला संध्याकाळी मिस्सेआधी घोटभर पाणी पिण्याचीही शंका येते. तिला स्पष्ट सांगावे, की पाणी प्या, उपास मोडत नाही.

गंभीर पाप मनावर असेल तर आधी पापनिवेदन करावे, असा नियम आहे. आणि प्रभू येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितले आहे, की वेदीपाशी अर्पण आणताना भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. तळावर ही शिकवण लगेच लागू पडते. त्याच टोळीत दोन कुटुंबांचे पाण्याच्या टाकीवरून भांडण झाले होते आणि पंधरा दिवस बोलणे बंद होते. मिस्सेआधी फादर त्या दोन्ही घरच्या पुरुषांसोबत एका चटईवर बसले. किती वेळ गेला कोण जाणे, आमची चहाची किटली दोनदा गरम करावी लागली. शांतीच्या अभिवादनाच्या वेळी त्या दोघांनी एकमेकांसमोर हात जोडले.

करिंथची मंडळी आणि आपली मंडळी

अयोग्य रीतीने प्रभूची भाकर खाऊ नये, आधी स्वतःची परीक्षा करावी, ही संत पौलाची ताकीद आपण सगळे जाणतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात ती आहे. पण ती कशावरून दिली, हे वाचायचे बरेचदा राहून जाते. तिथले सुस्थितीतले लोक आपले जेवण आधीच उरकून घेत आणि कष्टकरी गरीब उपाशी राहत. कोणी भुकेला, तर कोणी मद्याने धुंद. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, असे पौल त्यांना सुनावतो. अनादर म्हटले की आपल्याला आधी हात आणि गुडघे आठवतात. पौलाला आधी दिसला तो मंडळीतला उपाशी माणूस.

चर्चच्या नियमाप्रमाणे भाकर गव्हाचीच आणि द्राक्षारस द्राक्षांचाच लागतो. द्राक्ष कसे पिकते हे सांगलीकरांना सांगायला नको. तासगावच्या बागांतली छाटणी, विरळणी, औषध-फवारणी, बेदाण्याच्या शेडवर दिवसभर निवडीला बसलेल्या बायका आपण पाहतो. वेदीवर आपण भूमीचे फळ आणि माणसाचे कष्ट दोन्ही अर्पण करतो. ज्यांचे कष्ट असतात तेच वेदीपासून सगळ्यात दूर, दाराशी उभे राहत असतील, तर आपण थाळी कितीही काळजीपूर्वक धरली तरी काहीतरी सांडते आहे.

नोव्हेंबर-डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईला आंतरराष्ट्रीय युखारिस्तिक काँग्रेस, म्हणजे पवित्र कम्युनियनच्या सन्मानार्थ जागतिक मेळावा, भरला होता. पोप सहावे पॉल स्वतः आले होते. आमच्या घरचे वडीलधारे त्या दिवसांच्या आठवणी सांगत असत. त्या भेटीत वापरलेली मोटार पोपमहाशयांनी जाताना मदर तेरेसांना देऊन टाकली. मदर त्या गाडीत कधी बसल्या नाहीत. त्यांनी तिची सोडत काढली आणि आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या सेवेला लावला. कम्युनियनच्या मेळाव्याची मोटार कुष्ठरोग्यांच्या उपयोगी पडली, आणि आदराचा धडा मला त्यातही दिसतो.

पुढच्या मिस्सेला

फेब्रुवारीत त्याच तळावर पुन्हा मिस्सा झाली. मी आधी फादरांना माझी चूक सांगितली होती. कम्युनियनआधी ते लोकांना म्हणाले, की जिभेवर घ्या किंवा हातावर, उभे राहा किंवा गुडघे टेका, दोन्ही योग्य आहे, कोणीही शेजाऱ्याकडे पाहू नये. मी रांग लावली नाही. मी थाळी धरली.

ती ताई आली, मातीवर गुडघे टेकले, तोंड उघडले. तिच्या मागे तिचा नवरा उभा होता. त्याने उजवा हात वर करून हातावर घेतले. त्याचे हात तिच्यासारखेच होते. एकाच घरातल्या दोघांनी दोन पद्धतींनी तोच प्रभू स्वीकारला, आणि यातला अधिक आदर कोणाचा हे मला ठरवता येणार नाही.

वाचकहो, शेवटी दोन विनंत्या. पहिली, आपल्या चर्चमध्ये गुडघे टेकणाऱ्याला "जुन्या वळणाचा" आणि हात पुढे करणाऱ्याला "बेपर्वा" म्हणू नका. दाराशी उभ्या असलेल्या पाहुण्याला हाताला धरून पुढे आणा आणि शेजारी बसवा. दुसरी, येत्या हंगामात आम्ही तळांवरच्या औषधपेटीत भेगांसाठी मलम, जखमेच्या पट्ट्या आणि तोडणीला चालतील असे जाड हातमोजे ठेवणार आहोत. हातमोजे लवकर फाटतात, म्हणून एका जोडप्याला हंगामात निदान तीन-चार जोड लागतील. ज्यांना शक्य आहे त्यांनी दिवाळीपूर्वी ते आमच्यापर्यंत पोहोचवावेत.

आणि आपल्या प्रार्थनेत त्या टोळीची आठवण ठेवा. हा अंक आपल्या हाती येईपर्यंत त्यांचा पट्टा पडलेला असेल आणि ते गावी परतलेले असतील.

प्रभूच्या सेवेत,
आपली एक कार्यकर्ती बहीण